पावसाळ्यातील दौड छपराखाली करावी काय?

नाचता येईना तर अंगण वाकडे, अशी आपल्याकडे म्हण आहे. लांब पल्ल्याच्या दौडीचा सराव करणाऱ्या मंडळींना पावसाळ्यात हे वाकडे अंगण आयतेच मिळते. रविवारी पहाटे घड्याळाचा गजर होतो, बाहेर पन्हळीतून पाण्याची धार कोसळत असते, आणि ‘आज कसले धावणे!’ असे म्हणून मनुष्य पुन्हा पांघरुणात शिरतो. ह्याच्या उलट दुसरा एक वर्ग आहे. त्यास पाऊस म्हणजे आपल्या मर्दुमकीची परीक्षा वाटते. विजा कडाडोत अथवा रस्त्यावर गुडघाभर पाणी साचो, हा गृहस्थ ठरलेले पंचवीस किलोमीटर पुरे केल्यावाचून घरी येत नाही, आणि आल्यावर ती कथा आठवडाभर सांगत असतो. आमच्या मते हे दोन्ही मार्ग चुकीचे होत. ह्या दोहोंच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे, व तो म्हणजे हवा धोक्याची असेल त्या दिवशी दौड छपराखाली करणे. हा मार्ग हिणकस नाही, नवा नाही, आणि त्यास मोठा पैसाही लागत नाही. मात्र त्याचे काही नियम आहेत, आणि तो सर्वांस मोकळा व्हावयाचा असेल तर आपल्या शाळांनी एक लहानशी गोष्ट करणे अवश्य आहे. एवढे दाखविण्याचा ह्या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम, लांब दौड म्हणजे काय आणि ती इतकी महत्त्वाची का, हे पाहू. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरांची दौड. ती पुरी करण्यास सामान्य मनुष्यास चार ते पाच तास, व कित्येकांस त्याहूनही अधिक वेळ लागतो. एवढा पल्ला झेपेल असे शरीर चार-सहा महिन्यांच्या तयारीवाचून बनत नाही. ह्या तयारीचा कणा म्हणजे आठवड्यातून एकदा, बहुधा सुटीच्या दिवशी, केलेली लांब दौड. ती दहा-बारा किलोमीटरांपासून सुरू होते व हळूहळू वाढत तीस-बत्तीस किलोमीटरांपर्यंत जाते. हिच्यात वेगास फारसे महत्त्व नसते. दीड, दोन, अडीच तास पाय सतत चालते ठेवल्याने हृदय एकेका ठोक्यास अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि साठविलेली चरबी जळणासारखी वापरण्यास शरीर शिकते. हाडे व स्नायुबंध ह्यांनाही भार सोसण्याची सवय हळूहळूच लागते. म्हणून ही दौड एखाद्या आठवड्यात चुकली तर फारसे बिघडत नाही. परंतु लागोपाठ चार-पाच आठवडे चुकली तर साधलेले पुष्कळसे निसटून जाते.

आता आपले पंचांग पाहा. २००४ साली सुरू झालेली मुंबईची मॅरेथॉन हल्ली जानेवारीत होते. १९८३ साली सुरू झालेली पुण्याची मॅरेथॉन बहुधा डिसेंबरात भरत आली आहे. साताऱ्याची, यवतेश्वराचा घाट चढून जाणारी अर्धमॅरेथॉन तर बहुधा सप्टेंबरात, म्हणजे पावसाळा सरण्यापूर्वीच येते. हवामानखात्याच्या सध्याच्या कोष्टकाप्रमाणे नैर्ऋत्य मोसमी पाऊस मुंबईत साधारणपणे ११ जूनच्या सुमारास येतो व ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी फिरतो. एकट्या जुलै महिन्यात सांताक्रूझ येथे सरासरी आठशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे साताऱ्यास जाणाऱ्याची सारीच तयारी पावसात येते, पुण्यास जाणाऱ्याची अर्धीअधिक, आणि मुंबईत धावणाऱ्याचाही आरंभीचा महिना भिजलेलाच असतो. तेव्हा कोकणात, मुंबईत अथवा घाटमाथ्यावर राहून ज्यास लांब दौड करावयाची आहे, त्याने पावसाचा विचार न करणे म्हणजे नावाड्याने भरती-ओहोटीचा विचार न करण्यासारखे होय.

पाऊस म्हणून पाऊस काही शत्रू नव्हे. रिमझिम सरी पडत आहेत, रस्ता मोकळा आहे, वीज नाही, अशा वेळी बाहेर धावण्यात जे सुख आहे ते वैशाखाच्या उन्हात कदापि मिळणार नाही. अंग थंड राहते, धूळ बसलेली असते, आणि श्रम कमी भासतात. अशा दिवशी घरात बसणारा केवळ आळशी म्हणावा. आमचे म्हणणे धोक्याच्या हवेपुरते आहे, व तो धोका कोणता हे स्पष्ट सांगणे बरे. पहिला धोका विजेचा. आपल्या देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात, आणि उघड्या मैदानात वा झाडाखाली असलेला मनुष्य तिला सहज सापडतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस अंकांहून कमी मोजले गेले तर वीज जवळ आहे असे समजून तत्काळ पक्क्या इमारतीत शिरावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, असा सोपा नियम आहे. दुसरा धोका साचलेल्या पाण्याचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची जी साथ उद्भवली तिची आठवण वडीलधाऱ्यांस अद्याप असेल. उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित झालेले पाणी पायाच्या लहानशा जखमेतून हा रोग शरीरात पोचविते. तिसरा धोका त्याच पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यांचा व उघड्या मॅनहोलांचा. २०१७ सालच्या ऑगस्टात मुंबईत एका नामांकित वैद्यास अशा मॅनहोलात पडून प्राण गमवावे लागले, व ते तर धावतही नव्हते, पायी घरी चालले होते. चौथा धोका अंधाराचा. पहाटेच्या मुसळधार पावसात मोटारवाल्यास रस्त्याच्या कडेने धावणारा मनुष्य दिसत नाही. हे सारे ठाऊक असून जो बाहेर पडतो, त्याच्या धैर्याची आम्ही स्तुती करू शकत नाही. शूर शिपाई ढालीची लाज बाळगीत नाही.

कोणी म्हणेल की, दौड ही उघड्या आकाशाखालची गोष्ट. चार भिंतींत धावणे हे हल्लीच्या नाजूक लोकांचे फॅड आहे. ह्या आक्षेपास इतिहासानेच उत्तर दिले आहे. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर प्रथम धावले गेले ते १९०८ सालच्या लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांत. त्या शर्यतीत इटलीचा दोरांदो पिएत्री सर्वांत पुढे असता अखेरच्या टप्प्यात वारंवार कोसळला. लोकांनी त्यास हात देऊन रेषेपार नेले, व त्यामुळे तो बाद होऊन अमेरिकेच्या जॉनी हेसला सुवर्णपदक मिळाले. ह्या दोघांची फिरून शर्यत लागली ती त्याच वर्षी नोव्हेंबरात, न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, म्हणजे छपराखाली! लहानशा गोल मार्गावर अडीचशेहून अधिक फेऱ्या मारून त्यांनी तेच अंतर पुरे केले, आणि ह्या खेपेस पिएत्री जिंकला. म्हणजे मॅरेथॉनचे अंतर ज्या वर्षी जन्मास आले त्याच वर्षी ते छपराखालीही धावले गेले. ह्याहून जुनी परंपरा ती कोणती असावी?

बरे, ही झाली शर्यतीची गोष्ट. तयारीच्या दृष्टीने पाहिले तरी उदाहरणे कमी नाहीत. नॉर्वेची इंग्रिड क्रिस्टियानसेन हिने १९८५ साली लंडन येथे २ तास २१ मिनिटे ६ सेकंदांत मॅरेथॉन धावून स्त्रियांचा जागतिक विक्रम केला, व तो १९९८ पर्यंत अबाधित राहिला. तिच्या देशात हिवाळ्यात रस्ते बर्फाने झाकले जातात. तेव्हा आपल्या तयारीचा बराच भाग ती घरात ट्रेडमिलवर, म्हणजे फिरत्या पट्ट्याच्या यंत्रावर, करीत असे. त्याहूनही बोधप्रद गोष्ट क्रिस्टीन क्लार्क हिची आहे. ही बाई अलास्कातील अँकरेज शहरी राहणारी, व्यवसायाने रोगनिदान करणारी डॉक्टर, दोन मुलांची आई. तेथील हिवाळ्यात बाहेर धावणे जवळजवळ अशक्य. म्हणून तिने घरातील ट्रेडमिलवर तयारी केली, आणि २६ फेब्रुवारी २००० रोजी दक्षिण कॅरोलिनातील कोलंबिया शहरी ऑलिंपिकसाठी झालेली अमेरिकेची निवड-शर्यत २ तास ३३ मिनिटे ३१ सेकंदांत जिंकली. त्या दिवशी हवा उष्ण होती व नाणावलेल्या स्पर्धक पुष्कळ होत्या. क्लार्क कोणाच्या खिजगणतीतही नव्हती. पुढे सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये ती एकोणिसावी आली. छपराखाली केलेली मेहनत रस्त्यावर उपयोगी पडत नाही असे म्हणणाऱ्यांनी ह्या दोन स्त्रियांची चरित्रे पाहावी.

ट्रेडमिलविषयी आणखी एक मौज सांगण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातील तुरुंगांत विल्यम क्युबिट नामक अभियंत्याच्या योजनेप्रमाणे पायऱ्यांची मोठी चाके बसविण्यात आली, व कैद्यांनी ती पायांनी तासन् तास फिरवावयाची अशी शिक्षा असे. त्या चाकास ट्रेडमिल म्हणत. ती क्रूर शिक्षा त्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. पुढे अमेरिकेतील रॉबर्ट ब्रूस ह्या हृदयवैद्याने फिरत्या पट्ट्यावर रोग्यास चालवून हृदयाची परीक्षा करण्याची पद्धत बसविली. तिच्याच धर्तीची परीक्षा आज आपल्याकडील इस्पितळांतही होते. म्हणजे जे शिक्षेचे साधन होते तेच प्रथम निदानाचे व नंतर व्यायामाचे साधन झाले. यंत्र चांगले की वाईट हे यंत्रावर नव्हे, तर त्याचा उपयोग कोण कशासाठी करतो ह्यावर अवलंबून असते, एवढा बोध ह्यातून घेण्यास हरकत नाही.

ज्यांस ट्रेडमिल उपलब्ध आहे त्यांच्यासाठी दोन-चार सूचना पुरेत. यंत्रावर समोरून वारा कापावा लागत नाही, म्हणून वेगाने धावणाऱ्यास ते किंचित सोपे जाते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात असे दिसून आले की, पट्टा शेकडा एक इतका चढा ठेवला असता बाहेरच्या सपाट रस्त्याइतकेच श्रम पडतात. हळू धावणाऱ्यास हा फरक नगण्य आहे. तथापि दोन तास एकाच चढावर धावल्याने त्याच त्या स्नायूंवर ताण पडतो. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी चढ थोडा कमी-अधिक करावा. कित्येक यंत्रे तासाभराने आपोआप थांबतात, तर व्यायामशाळेत इतर मंडळीही वाट पाहत असतात. अशा वेळी दौडीचे दोन-तीन भाग करावे व मधल्या वेळात जिना चढावा-उतरावा. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल ह्याचा नेम नसतो, आणि पट्टा अकस्मात थांबला तर मनुष्य तोंडघशी पडतो. तेव्हा यंत्रास जोडलेली सुरक्षेची दोरी सदऱ्यास अडकविण्यास विसरू नये.

परंतु खरा प्रश्न ज्यांच्यापाशी यंत्र नाही त्यांचा आहे, आणि आपल्या वाचकांपैकी बहुतेक त्याच वर्गातील आहेत. ह्यांनी काय करावे? २०२० सालच्या मार्चमध्ये महामारीमुळे घराबाहेर पडणे बंद झाले असता फ्रान्समधील एका तरुणाने सात मीटर लांबीच्या आपल्या सज्जात मागेपुढे धावून मॅरेथॉनचे पुरे अंतर कापले. त्यास पावणेसात तासांच्या आसपास वेळ लागला. हे अनुकरणीय आहे असे आम्ही म्हणत नाही. पण सात मीटरांत बेचाळीस किलोमीटर मावत असतील, तर शाळेच्या चाळीस मीटरांच्या व्हरांड्यात वीस किलोमीटर का मावू नयेत? हिशेब अगदी सोपा आहे. चाळीस मीटर जाणे व चाळीस मीटर येणे मिळून एक फेरी ऐंशी मीटरांची. दहा फेऱ्यांचे आठशे मीटर, आणि अडीचशे फेऱ्यांचे वीस किलोमीटर. एवढ्या फेऱ्या तोंडाने मोजीत बसल्यास मध्येच चूक होते. म्हणून पंचवीस चिंचोके एका वाटीत घ्यावे व दर दहा फेऱ्यांस एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकावा. वाटी रिकामी झाली की वीस किलोमीटर झाले! ह्याहून स्वस्त मोजमापयंत्र जगात सापडावयाचे नाही.

ह्या पद्धतीत जपावयाच्या गोष्टीही आहेत. पहिली गोष्ट वळणाची. अडीचशे फेऱ्यांत पाचशे वळणे येतात. सर्व एकाच अंगाने घेतली तर एकाच गुडघ्यावर व घोट्यावर भार पडून दुखणे ओढवते. म्हणून एक वळण डावीकडून तर दुसरे उजवीकडून घ्यावे, व ते गर्रकन न घेता दोन-तीन पावले मंद करून घ्यावे. ज्या शाळेस चारी बाजूंनी व्हरांडा असेल तेथे चौकाभोवती धावावे आणि दर अर्ध्या तासाने दिशा उलटी करावी. वळणांमुळे वेग कमी होतो, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. रस्त्यावर ज्या दौडीस सव्वादोन तास लागले असते, ती व्हरांड्यातही सव्वादोन तास करावी, मग किलोमीटर थोडे कमी भरले तरी चालतील. शरीरास किलोमीटर कळत नाहीत, श्रम कळतात. दुसरी गोष्ट फरशीची. पावसाच्या झडीने शहाबादी फरशी निसरडी होते. बाहेरच्या कडेने गोणपाट अंथरावा, पाणी वारंवार पुसावे, आणि आतल्या बाजूने धावावे. तिसरी गोष्ट पायांची. ओले बूट व मोजे तसेच ठेविल्यास बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. दौड संपताच पाय धुऊन कोरडे करावे, आणि बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घालून ते वाऱ्यास ठेवावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट उष्णतेची आहे, आणि तीच लोक विसरतात. धावताना स्नायूंत जी शक्ती खर्ची पडते तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडत असतो. ही उष्णता घाम सुकण्याने कमी होते. रस्त्यावर धावताना अंगास वारा लागतो. बंद खोलीत तो लागत नाही, आणि पावसाळी हवा आधीच ओलाव्याने भरलेली असल्याने घाम सुकण्याऐवजी नुसता निथळत राहतो. म्हणून छपराखाली धावताना खिडक्या उघड्या असाव्या, शक्य तेथे पंखा असावा, आणि वेग नेहमीपेक्षा कमी ठेवावा. तहान लागेल तसे पाणी प्यावे. दोन तासांच्या दौडीत मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत, केळे अथवा शेंगदाण्याची चिक्की ह्यांचा उपयोग होतो. मात्र भीतीपोटी घटाघट नुसते पाणी पिऊ नये, कारण त्याने रक्तातील मिठाचे प्रमाण घटून जिवावर बेतू शकते. डोके गरगरणे, अंगावर काटा येणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही लक्षणे दिसताच थांबावे व अंग गार पाण्याने पुसावे. छपराखाली असण्याचा एक मोठा लाभ हाच की, थांबावयाचे झाल्यास मनुष्य घरापासून बारा किलोमीटरांवर अडकलेला नसतो.

‘पण ह्यात कंटाळा किती!’ असा उद्गार येथे पुष्कळांच्या तोंडून निघेल. तो खरा आहे. व्हरांड्यात ना नदी आहे, ना टेकडी, ना रस्त्यावरची वर्दळ. तोच खांब पुन्हा पुन्हा समोर येतो. पण मॅरेथॉनची अखेरची दहा-बारा किलोमीटर कशी असतात, हे धावलेल्यास विचारा. शरीरातील साखरेचा साठा संपत आलेला असतो, भोवतालची शोभा दिसेनाशी होते, आणि ‘आणखी एक पाऊल’ एवढाच विचार उरतो. त्या वेळी ज्याने व्हरांड्यात दोनशे फेऱ्यांनंतर दोनशे एकावी फेरी घेतलेली आहे, त्यास ते मनाचे युद्ध नवे नसते. कंटाळा सहन करणे हीही एक विद्या आहे, व ती पाढ्यांप्रमाणेच घोकून येते. शिवाय दोघा-चौघांनी मिळून धावले, एकाने मोजले व दुसऱ्याने गोष्ट सांगितली, तर तो कंटाळा निम्म्याने कमी होतो.

तथापि अति तेथे माती. सर्वच तयारी छपराखाली करावी असे आमचे मुळीच म्हणणे नाही. रस्त्याचा चढउतार, उन्हाचा ताप, वाऱ्याचा विरोध आणि खडबडीत जमिनीवर पाऊल सावरण्याची कला ह्या गोष्टी व्हरांडा शिकवू शकत नाही. साताऱ्याच्या घाटाची तयारी सपाट फरशीवर होणार नाही. निदान त्यासाठी जिन्याची जोड द्यावी. पाऊस उघडला की बाहेर पडावे. सकाळी तासभर छपराखाली व संध्याकाळी उघाड मिळताच तासभर रस्त्यावर, असे दोन तुकडे केले तरी सलग दौडीचा पुष्कळसा लाभ पदरात पडतो. रविवारी वादळ असेल तर शनिवारी वा सोमवारी धावावे. लांब दौडीने रविवाराशी काही लग्न लावलेले नाही. आणि अंगात ताप असेल, तर ना रस्ता ना व्हरांडा, अंथरूण हीच योग्य जागा होय.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हा लेख लिहिला तिच्याकडे वळू. १९२० साली अँटवर्प येथे झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हिंदुस्थानातर्फे मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचा मार्ग नेहमीपेक्षा लांब, म्हणजे ४२.७५ किलोमीटरांचा होता. तो त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत कापला व एकोणिसावा क्रमांक मिळविला. भरपूर पावसाच्या मुलखातून आलेल्या ह्या धावपटूपाशी आजची साधने नव्हती. अशी माणसे आपल्या गावोगावच्या शाळांत आजही असतील, नव्हे, आहेत. परंतु आजची स्थिती अशी आहे की, ज्याच्या वडिलांच्या खिशात व्यायामशाळेची वर्गणी भरण्याइतके पैसे आहेत त्याची तयारी पावसाळ्यात अखंड चालते, आणि चाळीतल्या, झोपडीतल्या वा शेतावरच्या मुलाची ऐन हंगामात बंद पडते. त्याच्या घरात धावण्यापुरती जागा नाही, आणि रस्ता तर पाण्याखाली. मुलींची अडचण दुहेरी आहे. पावसाळी अंधारात त्यांना एकटे रस्त्यावर पाठविण्यास घरचे लोक धजत नाहीत, व त्यांस सर्वस्वी दोषही देता येत नाही. ह्याच वेळी आपल्या शाळेसारख्या शेकडो शाळांची लांबच लांब व्हरांडे असलेली, उंच छपरांच्या सभागृहांची इमारत रविवारी सकाळी कुलूप लावून रिकामी पडलेली असते!

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, जून ते ऑक्टोबर ह्या महिन्यांत आठवड्यातून एक दिवस, सकाळी दोन-अडीच तास, शाळेचे व्हरांडे व सभागृह आजी-माजी विद्यार्थ्यांस व विद्यार्थिनींस धावण्यासाठी मोकळे ठेवावे. एक शिक्षक अथवा जबाबदार माजी विद्यार्थी देखरेखीस असावा. बाके एका बाजूस करावी, फरशीवर गोणपाट टाकावा, पिण्याचे पाणी व प्रथमोपचाराची पेटी जवळ असावी. धावणाऱ्यांनी दौड संपल्यावर आपल्या हातांनी फरशी पुसावी व बाके पूर्ववत लावावी, असा दंडक ठेवावा. ह्यात खर्च तो कितीसा? फरशी घाण होईल असे कोणी म्हटल्यास ती धुता येते. चार महिने तुटलेला सराव मात्र धुऊन-पुसून पुन्हा उजळता येत नाही. जबाबदारी कोणाची, असा प्रश्न निघाल्यास आमचे उत्तर असे की, मुले विजेखाली व तुंबलेल्या पाण्यात धावत असता जी जबाबदारी कोणाचीच नसते, तिच्यापेक्षा शाळेच्या छपराखालची ठरावीक जबाबदारी शतपटीने बरी.

अखेरीस विद्यार्थिमित्रांस एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. पुरी मॅरेथॉन ही वाढत्या वयाच्या मुलामुलींसाठी नाही. मुंबईसारख्या मोठ्या शर्यतींत अठरा वर्षांखालील स्पर्धकांस पुऱ्या अंतरासाठी प्रवेशच नसतो, व तो नियम योग्य आहे. तुमच्यासाठी तीन, पाच वा फार तर वयपरत्वे दहा किलोमीटर पुरेत. परंतु पल्ला लहान असो वा मोठा, तत्त्व एकच. हवा चांगली असेल तेव्हा बाहेर पडावे, ती धोक्याची असेल तेव्हा छपराखाली जावे, आणि दोन्ही वेळी ठरविलेले काम पुरे करावे. ह्या पावसाळ्यात ज्यांस हे पटेल त्यांनी चार सोबती जमवावे, मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी, आणि एका वाटीत पंचवीस चिंचोके घेऊन कामास लागावे. पाऊस आपल्या नेमाने पडत राहील. आपण आपला नेम मोडू नये, एवढेच मागणे आहे.